बुधल्यातला संयम

संयमराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. प्रयोगशाळेतल्या लोकांनी पाठीमागे ठेवलेलं ते नाव. संयम हा त्यांच्या आयुष्यभराच्या संशोधनाचा विषय होता आणि त्यांच्यापाशी तो औषधालाही नव्हता, म्हणून ते नाव चिकटलं आणि टिकलं.

सकाळी ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवायचे तेव्हा वरच्या मजल्यावर ज्याच्या हातात जे असेल ते तिथेच थांबायचं. प्रयोगशाळेत बोलायचं ते कुजबुजून, चालायचं ते कापडी जोडे घालून, आणि शिंक आलीच तर ती जिन्यात जाऊन द्यायची. दाराच्या बिजागरीला तेल घालणं हे तिथे संशोधनातच धरलं जाई. कारण काय, तर काचेच्या तबकड्यांत वाढणाऱ्या पेशींना गडबड सोसत नाही. हे संयमराव इतक्या मोठ्यानं सांगायचे की खालच्या मजल्यावरच्या लोकांनाही ते पाठ झालं होतं.

या पेशी म्हणजे आपल्या शरीरातल्या पहारेकरी पेशी. जंतू आत शिरला की त्याच्या अंगावरच्या विषाचा त्यांना आधी पत्ता लागतो. त्यांच्या पृष्ठभागावर त्या विषाच्या मापाच्या खाचाच असतात. विष खाचेत बसलं की पेशी बोंब ठोकते. बोंब म्हणजे काय, तर ती निरोपाची रसायनं सोडते. त्यानंच आपल्याला ताप भरतो, अंग मोडून येतं आणि मदतीला दुसऱ्या पेशी धावतात. बोंब बेताची असली तर माणूस उठून बसतो. हाताबाहेर गेली तर जंतू बाजूला राहतो आणि माणूस त्या गोंधळानंच दगावतो.

संयमरावांच्या तबकड्यांतल्या पेशी मात्र बोंब ठोकत नसत. विष टाकलं तरी ढिम्म. पाहुणे आले की संयमराव त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी उभं करत आणि म्हणत, "बघा. विष घातलंय. काही गडबड दिसते? नाही ना? याला म्हणतात संस्कार." त्यांचं म्हणणं असं की पेशींना संयम शिकवता येतो. शांत खोली, हलका हात आणि त्यांनी स्वतः तयार केलेला पातळ खुराक एवढ्यावर पेशी वाढवल्या की त्या समंजस होतात. पुढेमागे याच वाटेनं रक्तात विष भिनलेल्या रोग्यांना वाचवता येईल, असं ते लेखांतून लिहीत आले होते. इतर ठिकाणी लोकांनी तोच प्रयोग करून पाहिला तर त्यांच्या पेशी हमखास ओरडायच्या. त्यावर संयमरावांचं उत्तर ठरलेलं होतं. "त्यांच्या हाताला संयम नाही."

आता एवढं करून माणसाला हवं तरी काय असतं? संयमरावांना काय हवं होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. शहरातल्या नदीवरचा पूल त्यांच्या थोरल्या भावानं बांधला होता. पुलाच्या तोंडाशी दगडात भावाचं नाव कोरलेलं होतं. कामाला जाताना बस रोज त्या पुलावरून जायची आणि संयमराव रोज त्या दगडाकडे न बघता बसायचे. म्हणजे नेमकं कुठे बघायचं नाही हे कळण्यासाठी आधी एकदा बघावं लागायचंच. वर थोरला भाऊ भेटला की विचारायचा, "काय, तुझं ते बारीकसारीक कसं चाललंय?"

निवृत्ती जवळ आली आणि एके दिवशी बातमी आली. त्यांच्या विषयाच्या परिषदेनं ठरवलं होतं की पेशींच्या या संयमाला त्यांचंच नाव द्यायचं. पुढल्या आवृत्तीपासून पाठ्यपुस्तकात त्यांचं आडनाव आणि पुढे 'परिणाम' हा शब्द छापला जाणार होता. घोषणा त्यांच्या निरोपाच्या व्याख्यानात व्हायची होती. संयमरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी येऊन ते पत्नीला म्हणाले, "दगडाला शेवाळ येतं. पाठ्यपुस्तकाला येत नाही."

पत्नी म्हणाली, "हं."

हे 'हं' घरात फार जुनं होतं. लग्नानंतरची काही वर्षं ती वाद घालायची. मग रुसायला लागली. मग नुसते उसासे टाकायला लागली. त्यातलं शेवटी एवढंच उरलं होतं.

घरात तिसरं माणूस म्हणजे सून. मुलगा बोटीवर इंजिनिअर, वर्षातला बराचसा काळ समुद्रावर. सून औषधांच्या कारखान्यात नोकरीला होती. सलाइनच्या आणि इंजेक्शनच्या बाटल्यांत जंतूंचं विष उतरलेलं नाही ना, हे तपासण्याचं तिचं काम. संयमराव तिची ओळख करून देताना "आमच्या सूनबाई बाटल्या तपासतात" असं म्हणायचे. ती त्यावर काही बोलत नसे. तिला घरात येऊन दुसरंच वर्ष होतं. अजून तिचं 'हं' व्हायचं होतं, पण लक्षणं दिसू लागली होती.

एका संध्याकाळी जेवताना फोन आला. दूरच्या शहरातली एक संशोधक मुलगी संयमरावांचा प्रयोग करत होती आणि तिला तो काही केल्या जमत नव्हता. संयमरावांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. ऐकायला माणसं असली की त्यांना उपदेश छान सुचायचा.

"सर, मी तुमची पद्धत जशीच्या तशी पाळली. तरी पेशी ओरडतातच."

"खोलीत आवाज होतो का?"

"नाही सर. मी एकटीच असते."

"मग हात. तुझ्या हाताला संयम नाही. पेशींना ते कळतं."

"सर, माझे मार्गदर्शक म्हणतात, या सत्रात जमलं नाही तर सोडून दे."

"बरोबर म्हणतात. सगळ्यांनाच सगळं जमतं असं नाही." फोन ठेवून संयमरावांनी सूपचं भांडं पुढे ओढलं.

सून म्हणाली, "बाबा, ती रडत होती."

"रडते कसली? सर्दी असेल."

"हं," पत्नी म्हणाली.

व्याख्यानात दाखवायला प्रयोगशाळेचे फोटो हवे होते. सुनेला फोटो चांगले काढता येतात म्हणून एका सुट्टीच्या दिवशी संयमराव तिला घेऊन गेले. तिनं जिन्यातच कापडी जोडे घातले, सूक्ष्मदर्शकाचे फोटो काढले, पेशी ठेवायच्या ऊबदार कपाटाचे काढले. मग संयमरावांनी तिला खिडकीजवळच्या फळीपाशी नेलं आणि त्यांचा आवाज आपोआप खाली आला. फळीवर एक मोठा, पोट सुटलेला हिरवट काचेचा बुधला होता. वर लाकडी बूच, खाली पितळी तोटी.

"हा गुरुजींचा," ते म्हणाले. "जाताना माझ्या हाती दिला. म्हणाले, बुधला कधी कोरडा पडू देऊ नकोस. त्या दिवसापासून पडू दिलेला नाही. तळाशी थोडं उरलं की वर ताजं ऊर्ध्वपातित पाणी ओतायचं. जुन्यात नवं मिसळत राहतं. पेशींचा सगळा खुराक याच पाण्यात होतो, आणि तो मी स्वतः करतो. बाकीच्यांना फक्त नरसाळं धरू देतो."

"तुमच्या लेखांत याबद्दल आहे?"

"गुरूचा आशीर्वाद कुणी लेखात लिहितं का?"

फोटो चकचकीत यावा म्हणून सुनेनं फडकं घेतलं आणि बूच काढून बुधल्याची मान पुसायला गेली. तिचं बोट आतल्या बाजूनं फिरलं आणि तिथेच थांबलं. तिनं बोट उजेडात धरून पाहिलं.

"बाबा, हे बुळबुळीत आहे."

"जुन्या काचेला एक तेज असतं."

सुनेनं बोट पुसलं आणि फोटो काढला. परतीच्या बसमध्ये शेजारी बसल्यावर तिनं विचारलं, "तो बुधला आतून कधी घासला होता?"

"घासायचा कशाला? त्यात पाणीच तर असतं. पाण्यानं पाणी खराब होतं का कधी?"

"त्यात जंतूंचा थर धरलाय."

"धरला असेल. मी सगळा खुराक वाफेच्या भांड्यात शिजवून घेतो. एक जंतू जिवंत राहत नाही."

"जंतू मरतात हो. त्यांच्या अंगावरचं विष त्या वाफेत मरत नाही. म्हणून तर आमच्याकडे काचेची भांडी कोरड्या भट्टीत तापवतात, वाफेच्या कितीतरी वर." ती जरा थांबली. सासऱ्याला शिकवायचं म्हणजे कुठून सुरू करावं हा प्रश्नच असतो. "असं बघा. चोर मेला, पण त्याचे जोडे दारात राहिले. तुमची पेशी काही चोराचं तोंड बघत नाही, ती जोडे ओळखते. पहिल्या दिवशी जोडे दिसले की सगळी आळी गोळा करते. पण रोज उठून दारात तेच जोडे दिसले तर? चार दिवसांनी म्हणते, असतील कुणाचे तरी. मग खरा चोर आत शिरला तरी कूस बदलून झोपते. तो संयम नाही, बाबा. सवय आहे."

"बाटल्या तपासणाऱ्यांनी पेशींबद्दल बोलू नये," संयमराव म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की पुढच्या बाकावरच्या माणसानं मागे वळून पाहिलं.

"बरं," सून म्हणाली. "पण ती फोनवरची मुलगी बहुतेक स्वच्छ पाणी वापरत असेल."

बस पुलावर चढत होती. त्या दिवशी संयमरावांनी भावाच्या नावाकडे सरळ मान वळवून पाहिलं, आणि दगड मागे पडेपर्यंत पाहत राहिले.

सुनेचं तोंड बंद करायला म्हणून त्यांनी प्रयोग लावला. तिच्याकडे पाणी मागणं जिवावर आलं, तेव्हा औषधाच्या दुकानातून इंजेक्शनचं सीलबंद पाणी आणलं. एकाच वाणाच्या पेशी दोन ठिकाणी वाढवल्या. एकीकडे बुधल्याच्या पाण्याचा खुराक, दुसरीकडे नव्या पाण्याचा, आणि तोही नव्याकोऱ्या बाटल्यांत. मग दोन्हींना सारखंच विष दिलं. पेशींनी निरोप सोडलाय की नाही ते एका रंगाच्या चाचणीत दिसतं. जितका निरोप जास्त, तितकी चाचणीची वाटी पिवळी.

बुधल्याच्या पाण्यातल्या वाट्या नेहमीसारख्या फिकट, समंजस. नव्या पाण्यातल्या वाट्या पिवळ्याधमक.

इतका पिवळा रंग संयमरावांनी आपल्या प्रयोगशाळेत कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्यांना आधी वाटलं रंग बिघडला. नवा रंग आणला. मग वाटलं विष जास्त पडलं. पुन्हा मोजून टाकलं. मग वाटलं शेजारच्या खोलीत कुणीतरी खुर्ची ओढली असणार, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला त्यासाठी बोलणी बसली. पण प्रयोग जितक्या वेळा केला तितक्या वेळा पेशी बोंबलल्या, अगदी कुठल्याही साध्या, संस्कार न झालेल्या पेशींसारख्या.

तेव्हा त्यांनी थोरल्या सहायकाला बोलावलं. हा मनुष्य त्यांच्या हाताखाली केस पांढरे करून बसला होता आणि त्यांच्यानंतर प्रयोगशाळा त्याच्याकडेच जायची होती.

"बुधल्याच्या तोंडाशी तुम्हाला कधी बुळबुळीत लागलं?"

"लागलं की, सर."

"कधी?"

"नवीन लागलो होतो तेव्हा. तुम्हाला सांगितलंही होतं."

"मग मी काय म्हणालो?"

"तुम्ही म्हणालात, उद्यापासून बुधल्याला हात लावायचा नाही. पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलला नव्हतात."

"आणि नंतर?"

"नंतर लागायचं बंद झालं."

"बुळबुळीत?"

"नाही सर, ते होतंच. मला लागायचं बंद झालं."

संयमरावांनी बाकीच्यांनाही विचारलं. नरसाळं धरायला म्हणून जो जो पुढे आला होता त्या प्रत्येकाला ते लागलं होतं. नुकत्याच आलेल्या एका मुलीला तर ताजं ताजं लागलं होतं. तिनं दुसऱ्यांना विचारलं तेव्हा त्यांनी तिला धीर दिला होता की होईल सवय.

घरी येऊन संयमरावांनी जेवण बाजूला सारलं. त्यांचा शेवटचा आधार म्हणजे गुरुजी. "गुरुजींसारखा माणूस उगाच काही सांगणार नाही," ते म्हणाले. "बुधला कोरडा पडू देऊ नकोस, यात काहीतरी अर्थ असणारच."

"आहे ना अर्थ," पत्नी म्हणाली. "तेव्हा तुमच्या त्या इमारतीत दुपारी नळाचं पाणी जायचं. मी डब्याबरोबर बाटली भरून द्यायचे, आठवतंय? काम अडू नये म्हणून म्हणाले असतील बिचारे, भरलेला ठेव."

"मग इतकी वर्षं तू बोलली का नाहीस?"

"बोलले होते."

"कधी?"

"आपण बोलायचो तेव्हा."

सुनेनं मान खाली घालून भांडी उचलली.

व्याख्यानाला थोडेच दिवस राहिले होते. खरं सांगितलं तर नाव जाणार. नुसतं जाणार नाही, तर पूल बांधणाऱ्या भावाच्या देखत जाणार. नाही सांगितलं तर नाव राहणार, आणि त्याच्या खाली शेवाळ. संयमराव टेबलापाशी बसले आणि त्यांनी एक वाक्य लिहिलं: 'माझ्या पेशींना संयम नव्हता, माझा बुधला घाण होता.' वाक्य वाचून त्यांना ते फारच रोखठोक वाटलं. म्हणून त्यांनी 'घाण' हा शब्द काढला. 'घाण' गेल्यावर 'बुधला' फार उघडा दिसायला लागला, म्हणून तिथे 'पात्र' घातलं. मग 'माझा' खुपायला लागलं. असं करता करता जे उरलं ते असं: 'प्रस्तुत परिणामात पात्राशी निगडित अशा काही पूर्वसंपर्काचा अल्प सहभाग सर्वस्वी नाकारता येणार नाही.'

हे वाक्य त्यांनी पत्नीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हं."

मग सुनेला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं. "हे कशाबद्दल आहे, बाबा?"

"त्याचबद्दल."

"दिसत नाही कुठे."

"शास्त्रीय भाषा आहे ती."

"आमच्याकडे बाटलीत विष निघालं तर आम्ही 'विष निघालं' असं लिहितो," सून म्हणाली. "नाहीतर ती बाटली कुणाच्यातरी हाताला लागते."

"तुमच्याकडे बाटल्या असतात. इथे एक आयुष्य आहे." हे बोलताना त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून सुनेनं पुढे काही म्हटलं नाही.

व्याख्यानाला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत थोरला भाऊ हातात टोपी घेऊन बसला होता. संयमराव ऐटीत बोलले. पेशींचे फोटो दाखवले, बुधल्याचा फोटो दाखवला तेव्हा ते जरा अडखळले आणि लोकांना वाटलं गुरूंच्या आठवणीनं अडखळले. शेवटाकडे ते वाक्य आलं. संयमरावांनी ते स्पष्ट वाचलं, मान वर करून सभागृहाकडे पाहिलं आणि वाट पाहिली. कुणीतरी उठेल, कुणीतरी विचारेल, कसलं पात्र, कसला पूर्वसंपर्क. एकही मान हलली नाही. त्यांची व्याख्यानं इतकी वर्षं ऐकून सभागृह मुरलेलं होतं. एक गृहस्थ पापणी न लववता झोपले होते. मागे एकट्या सुनेनं डोळे मिटून घेतले.

मग टाळ्या झाल्या. संस्थेचे संचालक उठले आणि म्हणाले, "स्वतःच्या शोधाकडेसुद्धा थोड्या शंकेनं बघण्याची सरांची ही नम्रता आपण सर्वांनी घेण्यासारखी आहे." नावाची घोषणा झाली. सहकाऱ्यांनी भेट म्हणून छापील कागदांचे गठ्ठे दिले. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत संयमरावांचं आडनाव आणि 'परिणाम'. बुधला संस्थेच्या दर्शनी दालनात काचेच्या पेटीत ठेवायचं ठरलं. त्यावर थोरल्या सहायकानं सगळ्यांसमोर शब्द दिला की तसाच नवा बुधला आणू, जुन्यातलं अर्धं पाणी त्यात ओतू, परंपरा तुटू देणार नाही. टाळ्या पुन्हा झाल्या.

निघताना थोरल्या भावानं धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. "काच आहे, जपून ठेवायला सांग. पण छान झालं. मला काही कळलं नाही, पण छान झालं."

बसमध्ये सून म्हणाली, "सांगितलंत तर मग."

"सांगितलं. सर्वांसमोर सांगितलं."

"ऐकलं कुणी?"

बस पुलावर आली होती. आता त्या दगडाकडे बघायला संयमरावांना काही अडचण नव्हती; त्यांच्यापाशीही नाव होतं. तरी त्यांनी बघितलं नाही.

निवृत्तीनंतर माणूस घरात बसला की घराला तो नव्यानं कळतो. संयमरावांनी स्वयंपाकघरात कुजबुजून बोलायचा नियम काढून पाहिला. तो टिकला नाही. छापील कागदांचे गठ्ठे कपाटात तसेच बांधलेले राहिले. पत्नीनं एकदा त्यांतला एक कागद फळीवर अंथरायला मागितला, तेव्हा त्यांनी तो दिला नाही, आणि का दिला नाही हेही सांगितलं नाही.

मग एका दुपारी फोन आला. पत्नी आणि सून टेबलाशी बटाटे सोलत होत्या. त्याच मुलीचा आवाज होता. संयमरावांनी सवयीनं फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला, आणि मग त्यांना वाटलं करायला नको होता.

"सर, त्रास देत नाही. मी सोडतेय, एवढंच सांगायला फोन केला. परिणामाला तुमचं नाव मिळाल्याचं वाचलं. अभिनंदन. तुम्ही म्हणाला होतात ते खरं होतं, माझ्याच हाताला संयम नाही."

'शुभेच्छा' हा शब्द संयमरावांच्या तोंडात तयार होता. तो म्हणून फोन ठेवला असता तर कुणाला काही कळलं नसतं. सून साल काढत होती आणि अजिबात वर बघत नव्हती. एवढं न बघणं त्यांना त्या पुलावरून चांगलं ओळखीचं होतं.

"तू पाणी कसलं वापरतेस?" ते म्हणाले.

"इंजेक्शनचं, सर. सीलबंद."

"तेच."

"तिथे चुकतंय का माझं?"

"तुझं काही चुकत नाही." संयमरावांनी फोन जवळ ओढला. "माझं पाणी घाण होतं."

मुलीला वाटलं असावं की आपण चुकीचं ऐकलं. "सर?"

"माझा बुधला घाण होता," संयमराव म्हणाले, आणि या वेळी आवाज चढलाच, थेट शेजारच्या घरापर्यंत. "त्यात जंतूंचं विष होतं. थोडं थोडं, रोज. माझ्या पेशींना त्याची सवय झाली होती म्हणून त्या गप्प बसायच्या. तुझ्या पेशी ओरडतात, कारण त्या धडधाकट आहेत. विष दिसल्यावर ओरडायचंच असतं."

बटाट्याची साल टेबलावर पडली. पत्नीनं सुरी खाली ठेवली. "काय म्हणालात?" तिनं विचारलं, आणि तिचा हा प्रश्न घरानं फार वर्षांनी ऐकला.

फोनमधून मुलीचा आवाज सावकाश आला. "सर, मी हे मार्गदर्शकांना सांगितलं तर ते म्हणतील, जमलं नाही म्हणून आता सरांच्या नावावर खपवतेय. तुम्ही हे लिहून द्याल का?"

बोलणं वेगळं आणि लिहून देणं वेगळं, हे संयमरावांना त्या क्षणी जितकं कळलं तितकं आधी कधी कळलं नव्हतं. त्यांनी पत्नीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. कुणीच मदतीला आलं नाही.

"देतो," ते म्हणाले. "पत्ता सांग." आणि तिनं सांगितलेला पत्ता पुन्हा म्हणून दाखवून त्यांनी फोन ठेवला.

सून हात पुसत उठली आणि कपाटाशी गेली. "बाबा, कोरा कागद देऊ की तुमचा छापील?"

कोऱ्या कागदावर लिहिलं तर ते पत्र कुणाचंही असू शकत होतं. छापील कागदावर लिहिलं तर नाव माथ्यावर आणि बुधला त्याच्या बरोबर खाली.

"छापील," ते म्हणाले.

सुनेनं गठ्ठ्याची दोरी सोडली आणि वरचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. संयमरावांनी पेनाचं टोपण काढलं, कागद सरळ केला, आणि 'प्रस्तुत' हा शब्द लिहायला हात खाली नेला.

"आणि अहो," पत्नी बटाटा उचलत म्हणाली, "कळेल असं लिहा."